मालगाडीतला मुसाफिर

माझा एक पुतण्या अमेरिकेत मिनिआपोलिसला असतो. गेल्या मे महिन्यात तो आला तेव्हा त्याच्या पेटीतून नेहमीप्रमाणे चॉकलेटे, बदाम आणि माझ्या गुडघ्यांसाठी गोळ्या निघाल्या, आणि सगळ्यांत तळातून एक जुने पुस्तक निघाले. ते माझ्या हाती ठेवून तो म्हणाला, "काका, आजोबांच्या वहीबद्दल तुम्हांला जो काय निकाल द्यायचा असेल तो हे वाचून झाल्यावर द्या."

वहीची हकीकत अशी. माझे थोरले काका, म्हणजे या मुलाचे आजोबा, विमा कंपनीत नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनशेपानी वहीत आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. काकूंना यंदा नव्वद पुरी होत आहेत, त्या निमित्ताने वही छापून घरच्या घरी वाटावी असे ठरले. मी पडलो इतिहासाचा शिक्षक. तीस वर्षे शाळेत सनावळ्या घोकून घेतलेल्या. तेव्हा प्रत तपासण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले, आणि मी एका प्रकरणापाशी अडून बसलो. हे प्रकरण छापायचे नाही, मी म्हटले. घरात बराच वाद झाला. तो काय झाला ते पुढे येईलच, आधी पुस्तक.

पुस्तक होते बॉब डिलन या अमेरिकन गायकाचे आत्मचरित्र. 'क्रॉनिकल्स : व्हॉल्यूम वन' हे त्याचे नाव, आणि ते २००४ सालच्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले. घरातल्या तरुण मंडळींना डिलन कोण हे सांगायला नको. पण ज्यांची गाण्याची आवड भीमसेनांपाशी सुरू होऊन वसंतरावांपाशी संपते अशा माझ्या पिढीतल्यांसाठी सांगतो. हा १९४१ साली मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावी जन्मला आणि हिबिंग नावाच्या लोखंडाच्या खाणींच्या गावात वाढला. खरे नाव रॉबर्ट झिमरमन. वडिलांचे विजेच्या उपकरणांचे दुकान. १९५९ साली तो माझ्या पुतण्याच्याच गावातल्या विद्यापीठात दाखल झाला, वर्षभरात अभ्यास सोडला, आणि १९६१ च्या जानेवारीत गिटार घेऊन न्यूयॉर्कला गेला. आधी लोकगीते गायली, मग स्वतःची रचली, आणि १९६५ साली विजेची गिटार गळ्यात अडकवून रॉक गाऊ लागला, तेव्हा त्याचे भक्तच त्याच्यावर उलटले. पुढच्या वर्षी मँचेस्टरला ऐन कार्यक्रमात श्रोत्यांतून एकाने त्याला 'ज्यूडास' म्हणून हाक मारली. ज्यूडास म्हणजे येशूला पकडून देणारा शिष्य. आपल्याकडे सूर्याजी पिसाळ म्हणावे तसे. २०१६ साली याच माणसाला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुतण्याने आणलेली प्रत जुन्या बाजारातली होती, आणि माझ्या दृष्टीने तिची खरी किंमत समासात होती. माझ्याआधी ती निदान दोघांनी तरी वाचलेली होती. एकाच्या हाती पेन्सिल होती. तो भाविक. आवडलेल्या ओळींखाली नाजूक रेघा, क्वचित एखादे उद्गारचिन्ह. दुसऱ्याच्या हाती निळ्या शाईचे पेन होते, आणि तो सरकारी हिशेबतपासनिसासारखा प्रत्येक पानावर आक्षेप नोंदवीत गेलेला. मला हे दोघे पुस्तकाइतकेच आवडले. या पुस्तकाबद्दल गेल्या वीस वर्षांत जगभरच्या वाचकांनी जे जे म्हटले आहे, ते पाहिले तर सारे वाचक शेवटी पेन्सिलवाल्याच्या नाहीतर शाईवाल्याच्या पक्षात जाऊन बसतात.

आरंभी पेन्सिलवाल्यांची चलती होती. डिलनचे याआधीचे एकच गद्य पुस्तक म्हणजे १९७१ सालचे 'टॅरँचुला'. ते शेवटपर्यंत वाचलेला माणूस दाखवा म्हणून पैज लावावी असे दुर्बोध. शिवाय मुलाखतकारांना उडवाउडवीची उत्तरे देण्यात हा गृहस्थ पटाईत. तेव्हा आत्मचरित्रही तसलेच असणार, असा लोकांचा होरा होता. हाती आले ते वेगळेच. पहिल्याच पानावर एक संगीतप्रकाशक या वीस वर्षांच्या पोराला टॅक्सीत घालून नेतो, बिल हेलीने ज्या जागी आपले गाजलेले रॉक गाणे मुद्रित केले ती जागा दाखवतो, आणि मग जॅक डेम्प्सी या जुन्या मुष्टियोद्ध्याच्या उपाहारगृहात घेऊन जातो. डेम्प्सीला वाटते की हा नवा मुष्टियोद्धा आहे. तो त्याला जरा वजन वाढवायला सांगतो! अशी सुरुवात केल्यावर वाचक पुस्तक खाली ठेवील कसा? थंडीने काकडणारे न्यूयॉर्क, टोपी फिरवून पैसे गोळा करणाऱ्या कॉफीघरांतले गवई, दुसऱ्यांच्या कोचावर काढलेल्या रात्री, सार्वजनिक ग्रंथालयात बसून अमेरिकन यादवीच्या काळातली वर्तमानपत्रे सूक्ष्मचित्रांवर वाचणारा तरुण. हे शेवटचे वाचून तर मी, खरे सांगतो, खुर्चीत सरसावून बसलो. दफ्तरखान्यात बसणाऱ्या माणसाबद्दल मला उगीचच जिव्हाळा वाटतो.

दुसरी गोष्ट वाचकांना भावली ती त्याच्या गुणग्राहकतेची. आत्मचरित्र म्हणजे लेखकाने आपलीच आरती ओवाळायची, हा जगभरचा रिवाज. हा मात्र वुडी गथ्री, डेव्ह व्हॅन रॉन्क, रॉबर्ट जॉन्सन अशा दुसऱ्यांच्या गाण्यांवर पानेच्या पाने लिहितो. जॉन हॅमंड या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या जाणत्या माणसाने रॉबर्ट जॉन्सनची तबकडी प्रसिद्ध होण्याआधी त्याच्या हाती दिली, ती त्याने घरी नेऊन ऐकली आणि तो हादरून गेला. हा भाग वाचताना गाणे न कळणाऱ्यालाही गुरु भेटणे म्हणजे काय ते कळावे. त्या वर्षी अमेरिकन समीक्षक मंडळाच्या चरित्रविभागातल्या पारितोषिकाच्या अंतिम यादीत पुस्तक पोचले आणि खपही भरपूर झाला.

मग कुरकूर सुरू झाली. लोक म्हणू लागले, अहो, ज्या वर्षांसाठी पुस्तक घेतले ती वर्षे आहेत कुठे? पाच प्रकरणांपैकी पहिली दोन आणि शेवटचे बव्हंशी न्यूयॉर्कच्या सुरुवातीच्या दिवसांवर. मधली दोन १९७० आणि १९८९ सालच्या दोन ध्वनिमुद्रिकांवर, आणि त्याही त्याच्या सर्वांत गाजलेल्या नव्हेत. विजेची गिटार, मँचेस्टरची ती आरोळी, यातले काही नाही. १९६६ साली मोटारसायकलवरून पडून तो लोकांच्या नजरेआड झाला, त्या अपघातावर आजवर लोकांनी ग्रंथ लिहिले. हा स्वतः दोन-तीन ओळींत तो प्रसंग आटोपतो. शिवाजीने आत्मचरित्र लिहावे आणि आग्ऱ्याहून सुटका एका वाक्यात उरकून राजगडावरच्या हवापाण्यावर प्रकरण खर्ची घालावे, तसेच हे झाले. गृहिणी वाचकांनी आणखी एक गोष्ट अचूक टिपली. १९७० च्या प्रकरणात तो 'माझी पत्नी' म्हणतो आणि १९८९ च्या प्रकरणातही 'माझी पत्नी' म्हणतो. दोन्हीकडे नाव नाही. आणि या दोन वेगवेगळ्या बायका आहेत! नवख्या वाचकाला वाटावे, काय हा सुखाचा संसार. माझ्या प्रतीत निळ्या शाईवाल्याने या जागी नुसते एकमेकांत गुंतलेले दोन वर्तुळांचे चित्र काढले आहे. तो बहुधा अविवाहित असावा.

इथवरच्या तक्रारी रुचीच्या होत्या. काय सांगायचे आणि काय गाळायचे हा लेखकाचा अधिकार आहे, आणि आजवर कोणत्याही आत्मचरित्रकाराने वाचकांना विचारून गाळणी लावलेली नाही. पण हळूहळू वाचकांनी गाळलेल्याकडून सांगितलेल्याकडे मोर्चा वळवला, आणि तिथून खरे प्रकरण पेटले.

डिलनच्या खोटे बोलण्याचा इतिहास जुना आहे. न्यूयॉर्कला आल्यावर तो भेटेल त्याला सांगे की मी लहानपणी फिरत्या जत्रेबरोबर गावोगाव हिंडलो, घरातून पळालो. १९६३ च्या नोव्हेंबरात 'न्यूजवीक' साप्ताहिकाने त्याचे बिंग फोडले. हा झिमरमन आहे, सुखवस्तू घरातला आहे, आणि आईवडिलांशी आपला संबंध उरला नाही म्हणून सांगतो खरा, पण ते दोघे त्याचा कार्यक्रम ऐकायला याच शहरात आले आहेत, असे छापून आले. पोरगा संतापला. मात्र त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती, ती हेरगिरीची आवड असलेल्या सर्व वाचकांनी ध्यानात ठेवावी. 'ब्लोइंग इन द विंड' हे त्याचे गाजलेले गाणे न्यू जर्सीतल्या एका शाळकरी मुलाने रचले असून याने ते विकत घेतले, अशी कुजबूज त्यात दिली होती. ती साफ खोटी होती. १९७४ साली त्या मुलानेच तशी कबुली दिली. खोटेपणा उघडा पाडणाऱ्याच्या पदरालाही चिखल लागतो तो असा.

तर मौज अशी की आत्मचरित्रात डिलन स्वतःच ही जुनी थाप कबूल करतो. ध्वनिमुद्रिका कंपनीच्या प्रसिद्धिखात्यातल्या माणसाने त्याला विचारले, न्यूयॉर्कला कसा आलास? हा म्हणाला, मालगाडीत चढून. लोकगायकाला शोभेल असेच उत्तर. वुडी गथ्रीच्या पंथातला माणूस काय तिकीट काढून येणार? आणि मग पुढे तो वाचकाला हळूच सांगतो की मी मालगाडीतून मुळीच आलो नव्हतो. सत्तावन सालच्या चार दारांच्या इम्पाला मोटारीतून आलो होतो. हा मालगाडीतला मुसाफिर मला फार आवडला. पेन्सिलवाल्यालाही आवडलेला दिसतो. त्याने त्या परिच्छेदाभोवती चौकट आखली आहे, जणू म्हणतो आहे, पाहा, आता हा आपल्याशी खरे बोलू लागला!

आणि इथेच शाईवाल्याने समासात लिहिले आहे : 'कशावरून?'

दोन वाचकांतला सारा वाद या एका शब्दात आहे. आपण पूर्वी थाप मारली अशी कबुली देणाऱ्या माणसावर आपला चटकन विश्वास बसतो. आणि तोच विश्वास पुढच्या थापेच्या उपयोगी पडतो.

शंका बऱ्याच निघाल्या. रे गूच आणि क्लोई कील नावाच्या जोडप्याकडे तो राहिला, त्यांच्या घरच्या पुस्तकांच्या खोलीत त्याचे वाचन झाले, असे तो लिहितो. ती खोली म्हणजे पुस्तकाचे एक मोठे आकर्षण. पण त्या काळच्या ग्रेनिच व्हिलेजमधल्या मंडळींच्या आठवणींत हे जोडपे सापडेना. त्याच खोलीत थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराचा म्हणून तो जो ग्रंथ वाचतो, त्या नावाचा ग्रंथ त्या इतिहासकाराने लिहिलेला नाही. वडिलांच्या अंत्यविधीहून घरी परतल्यावर मॅकलीश या कवीचे नाटकासाठी गाणी मागणारे पत्र आपली वाट पाहत होते, असे तो सांगतो. वडील वारले १९६८ साली, आणि ते नाटकाचे प्रकरण त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी घडलेले. क्लिंटन हेलिन या त्याच्या चरित्रकाराने तर, हे बहुतांशी कल्पित वाङ्मय आहे, असा शेरा मारला.

यापुढची कामगिरी पंडितांची नव्हे, साध्या वाचकांची आहे, आणि तिला मी मनापासून मुजरा करतो. २००३ साली जपानमध्ये इंग्रजी शिकवणारा एक अमेरिकन तरुण पुस्तकांच्या दुकानात जुनिची सागा नावाच्या जपानी डॉक्टरचे पुस्तक चाळत होता. एका म्हाताऱ्या गुंडाने डॉक्टरला सांगितलेली ती आत्मकथा. वाचता वाचता त्याला वाटले, हे वाक्य आपण कुठेतरी ऐकले आहे. ऐकले होते ते डिलनच्या २००१ सालच्या गाण्यांत. एक नव्हे, अनेक ओळी जुळल्या. बातमी वृत्तपत्रांत आली. मूळ लेखक सागा रागावला नाही; उलट इतक्या मोठ्या गायकाने आपले शब्द घेतले याचा त्याला आनंदच वाटला. पण त्या दिवसापासून वाचकांनी भिंगे बाहेर काढली.

२००६ साली एडवर्ड कुक या हिब्रू आणि अरेमाइक भाषांच्या अभ्यासकाने दाखवून दिले की आत्मचरित्रातली काही वाक्ये मार्क ट्वेनची, काही प्रूस्तची, काही मेझ मेझरो या जॅझवादकाच्या आठवणींतली आहेत. मग न्यू मेक्सिकोतला स्कॉट वॉर्मथ कामाला लागला. २०१० साली त्याने 'न्यू हेवन रिव्ह्यू' या नियतकालिकात आपला शोध मांडला, आणि तो वाचून भलेभले थक्क झाले. जॅक लंडनची वाक्येच्या वाक्ये. न्यू ऑर्लिन्स शहराच्या एका प्रवासमार्गदर्शकातले तुकडे. सत्ता कशी मिळवावी याचे धडे देणाऱ्या एका बाजारी पुस्तकातले मजकूर. आणि १९६१ सालच्या न्यूयॉर्कचे वातावरण उभे करण्यासाठी 'टाइम' साप्ताहिकाच्या १९६१ च्याच एका अंकातले शब्द. म्हणजे साठ वर्षांच्या गायकाने आपली विशी आठवायला डोळे मिटले नाहीत. त्या वेळचे साप्ताहिक उघडले!

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून गॅलरीत येऊन उभा राहिलो. कारण काकांच्या वहीत मला नेमके हेच सापडले होते.

पण आधी डिलनचे म्हणणे ऐकू. २०१२ साली 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या मुलाखतीत त्याला हा प्रश्न विचारला गेला. त्याने आक्षेपकांना जी विशेषणे लावली ती दिवाळी अंकात छापता यायची नाहीत. मुद्दा मात्र होता. लोकगीतात आणि जॅझमध्ये दुसऱ्याचे घेणे ही परंपरा आहे, असे तो म्हणाला; आणि मला पूर्वी ज्यूडास म्हणणारे ते हेच लोक, असेही. गाण्यापुरते मला हे पटते. आपल्याकडे एकाच चालीवर किती अभंग, किती लावण्या, किती पोवाडे उभे आहेत! जात्यावरच्या ओवीला कोणी मालक विचारीत नाही. पण ओवी ओवी म्हणून म्हटली जाते. 'मी' म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या विहिरीतले पाणी प्यावे, त्यात पाप नाही, पण मग आपल्या परसात झरा लागला म्हणून पेढे वाटू नयेत. तुमच्या वडिलांच्या मरणाने तुम्हांला काय वाटले हे मी पैसे मोजून वाचायला बसलो आहे. तिथे मला दुसऱ्या कोणाचे वाटणे वाढू नका. इथे मी निळ्या शाईच्या पक्षात आहे आणि तसा मी समासात शेराही मारला.

गंमत अशी की शोध लावणारा वॉर्मथ स्वतः शाईवाल्यांत बसत नाही. इतकी वर्षे खपून त्याने इतकी उचल उघड केली. पण त्याचे मत असे की ही चोरी नव्हे, हे कोडे आहे, लेखकाने हेतुपुरस्सर लपवून ठेवलेले, आणि उलगडणाऱ्याला आनंद देणारे. जो पुस्तकाची झडती घेतो तोच त्याच्या प्रेमात पडतो हा प्रकार मराठी वाचकाला नवा नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींची अशी काही चिरफाड केली की बखरीवर विसंबून इतिहास लिहिण्याची सोयच उरली नाही. कालविपर्यास, स्थलविपर्यास, ऐकीव गप्पा, सगळे त्यांनी चव्हाट्यावर मांडले. बरोबरच केले. मी मुलांना तेच शिकवले. पण पानिपताचा धडा आला की वर्गात वाचून दाखवायला मी 'भाऊसाहेबांची बखर' काढीत असे, अस्सल पत्रांचा खंड नव्हे. पत्रांवरून तारखा कळत. मागच्या बाकावरची पोरे गप्प बसत ती बखरीने.

२०१६ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन या दुसऱ्या अमेरिकन रॉकगायकाचे आत्मचरित्र आले, 'बॉर्न टू रन'. त्याचे वाचक वेगळ्या कारणाने भारावले. अबोल, मनाने आजारी असलेला बाप आणि साठीत स्वतःला आलेले औदासीन्य यांवर त्याने सरळ लिहिले. पुतण्याने तेही पाठवले होते. चांगले आहे. पण मौज पाहा, पुढच्याच वर्षी ब्रॉडवेच्या रंगमंचावर याच माणसाने हसत हसत सांगितले की मी आयुष्यभर कारखान्यातल्या कामगारांची गाणी गायलो आणि कारखान्यात एक दिवसही काम केले नाही. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. कबुली वेळेवर आणि हसून दिली की वाचक सगळे माफ करतो. डिलनने तेवढे केले नाही. त्याच्या पुस्तकाच्या नावात 'पहिला खंड' असे शब्द आहेत. वीस वर्षे उलटली तरी दुसरा निघालेला नव्हता.

मात्र एकदा त्याला माफी मागावी लागली, आणि तीही वाचकांचीच. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याचे गाण्यांवरचे निबंधाचे पुस्तक निघाले, तेव्हा प्रकाशकाने स्वहस्ते सही केलेल्या नऊशे प्रती प्रत्येकी ५९९ डॉलरना विकल्या. ग्राहकांनी आपापल्या सह्या एकमेकांशी ताडून पाहिल्या. त्या हुबेहूब निघाल्या! माणसाच्या हाताची सही दोनदा सारखी येत नाही हे बँकेतला कारकूनही सांगेल. सह्या यंत्राने केलेल्या होत्या. प्रकाशकाने पैसे परत केले आणि डिलनने पत्रक काढून चूक कबूल केली. घेरी येण्याचा विकार आणि महामारीच्या काळातली अडचण ही कारणे दिली. हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. वाक्ये जॅक लंडनची निघाली तेव्हा कोणी दुकानात जाऊन पैसे परत मागितले नव्हते. सही मात्र खरी हवी.

आता वही.

काकांचे बिऱ्हाड तेव्हा पुण्यात शनिवार पेठेत एका वाड्यात होते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. पुण्याच्या माणसाला याहून अधिक सांगायला नको. काकांच्या वहीतले सर्वांत सुंदर प्रकरण या दिवसाचे आहे. पाणी चौकात आले, तुळशीवृंदावन बुडाले, काकांनी चार वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेतले, काकूंच्या कडेवर तान्ही मुलगी, काकूंचा हात धरून ते कमरेइतक्या पाण्यातून शेजारच्या दगडी इमारतीच्या गच्चीवर पोचले. वरून पाहिले तर पाण्यावर पाळणा, हंडे, पेटीची फळी, गवताच्या भाऱ्यावर बसलेले मांजर. वाचताना अंगावर काटा आला. आणि जुन्या सवयीने मी वाचनालयात जाऊन त्या महिन्यातली वर्तमानपत्रे काढली. पाळणा, हंडे, मांजर, सगळे एका दैनिकातल्या वर्णनात होते. दोन वाक्ये तर अक्षरशः तीच.

एवढ्यावर मी थांबलोही असतो. पण वहीबरोबर काकूंच्या ट्रंकेतली जुनी पत्रे माझ्याकडे आली होती. त्यांत एक पोस्टकार्ड होते. सोलापूरचा शिक्का, १३ जुलै १९६१. काकांचे अक्षर. आदल्या रात्री लिहिलेले. कचेरीच्या कामाला आणखी दोन दिवस लागतील, मुलाचा खोकला कसा आहे, आणि शेवटी, 'इकडे पावसाचा थेंब नाही. तिकडे कसे?'

म्हणजे काका त्या दिवशी पुण्यात नव्हतेच.

मी घरच्या बैठकीत पोस्टकार्ड दाखवले आणि म्हटले, हे प्रकरण गाळा. चुलतभाऊ म्हणाला, गाळायचे नाही, ते होते. मला खांद्यावरून पाणी पाहिल्याचे आठवते. तो तेव्हा चार वर्षांचा. ही आठवण त्याची की बापाने सांगून सांगून त्याची झालेली, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. पुतण्याने त्या वेळी काहीच म्हटले नाही. तो परत गेला, आणि पुढच्या खेपेस हे पुस्तक घेऊन आला.

पुस्तक संपले तेव्हा माझा राग तेवढाच होता, पण तो नेमका कशावर आहे हे मला सांगता येईना. मी इतके दिवस शोधले होते ते काका कुठे नव्हते हे. साठ वर्षांपूर्वी सोलापूरच्या लॉजमध्ये बसून पावसाची चौकशी करणाऱ्या त्या माणसाला ती चौकशी पुढे जन्मभर कशी पुरली असेल, हे मी पाहिलेच नव्हते. वर्तमानपत्राचे कात्रण त्याने का जपले, त्यातला पाळणा आपल्या वहीत का नेऊन ठेवला? निळ्या शाईने समासात 'कशावरून?' लिहिता येते. 'कशासाठी?' असे त्या शाईवाल्याने एकदाही लिहिले नव्हते. आणि तरीही तो शेवटच्या पानापर्यंत गेला होता. शेवटच्या ओळीखालीही त्याची एक बारीक टीप आहे.

शेवटी मी आणि पुतण्या काकूंकडे गेलो. प्रकरण त्यांना वाचून दाखवायचे आणि त्या म्हणतील तसे करायचे, असे ठरवून. पोस्टकार्ड माझ्या खिशात होते. दिसत नाही त्यांना आता फारसे, पण ऐकू येते. पुतण्याने सावकाश वाचले. मुलगा खांद्यावर, मुलगी कडेवर, हातात हात, दगडी इमारत, गच्ची. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. वाचन संपले. मी खिशात हात घातला होता.

"पाणी किती लिहिलंय त्यांनी?" काकूंनी विचारले.

"कमरेइतकं," पुतण्या म्हणाला.

"छातीपर्यंत होतं," काकू म्हणाल्या. "तेवढं दुरुस्त करा."

मी पेन्सिल मागून घेतली.